सेव्हिंग्ज प्लॅन घेतला आणि एकाच दिवसात ४,३८० डॉलर?? बिल वाचायचं कसं

पोह्यावर_शेव
इंदूर, विजयनगर. छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे आमची, क्लाउडचं बिल गेल्या महिन्यापासून माझ्या गळ्यात. २ तारखेला एडब्ल्यूएसचा (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) १ वर्षाचा कॉम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅन घेतला, म्हणजे तासाला अर्धा डॉलर वापरूच असं कबूल करून स्वस्त दर, तोही ऑल अपफ्रंट, वर्षाचे सगळे पैसे आधीच. आता कॉस्ट एक्सप्लोररमध्ये (एडब्ल्यूएसचा खर्चाचा ग्राफ) २ तारखेला ताडासारखा एकच दांडा उभा आणि पुढे सर्व्हरचा खर्च जवळजवळ शून्य. सर म्हणतात वाचवायला घेतलं होतं ना, मग हे काय? आणि सर्व्हर तर चालूच आहेत, शून्य कसं काय?

सराफा_रात्री_११
भिया घाबरू नका, तुम्ही अनब्लेंडेड बघताय, त्यात पैसे ज्या दिवशी लागले त्याच दिवशी दिसतात. ०.५० गुणिले ८,७६० तास, झाले ४,३८०. चार्ज टाइपने ग्रुप करून बघा, कव्हर्ड यूसेज (प्लॅनमध्ये बसणारा वापर) ऑन-डिमांड, म्हणजे प्लॅनशिवायच्या दराने लागलेलं दिसेल आणि तेवढंच निगेशन नावाने वजा, म्हणून शून्य. डिस्क, डेटा ट्रान्सफर यात येत नाही, ते वेगळं लागणारच.
आता अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अमॉर्टाइज्ड (आधी भरलेले पैसे वर्षभर वाटून दाखवणं) करा, दांडा जाऊन रोजचे १२ डॉलर दिसतील. आई एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरते, म्हणून मे महिन्यातल्या पोळ्या फुकट होतात का? सरांना अमॉर्टाइज्ड दाखवा, पण बँकेतून गेले ते जुळवताना अनब्लेंडेडच लागेल.

हिशेबवाली_ताई
बरोबर, पण खरी मेख पुढे आहे. कमिटमेंट (तुम्ही कबूल केलेला अर्धा डॉलर) दर तासाची असते, त्या तासात नाही वापरली की गेली, पुढच्या तासात सरकत नाही. रात्री सर्व्हर बंद करता का? युटिलायझेशन रिपोर्ट, म्हणजे कमिटमेंट किती टक्के वापरली गेली, तो बघितला?

पोह्यावर_शेव
ताई, बघितला आत्ता. ८३ टक्के 😐 टेस्टिंगचे सर्व्हर रात्री १० ते सकाळी ८ बंद असतात, पैसे वाचावेत म्हणून मीच लावलं होतं ते. प्लॅन परत होतो का?

हिशेबवाली_ताई
होतो, पण ७ दिवसांत आणि त्याच कॅलेंडर महिन्यात. आज ११ तारीख, तुमची वेळ गेली. दिवसा चालणारे रिपोर्ट, बॅचची कामं रात्रीवर ढकला, फारगेट आणि लॅम्डापण (स्वतः सर्व्हर न सांभाळता काम चालवायच्या एडब्ल्यूएसच्या सेवा) कॉम्प्युट प्लॅनमध्ये धरतात. आणि पुढच्या वेळी आकडा ठरवताना रात्री ३ वाजताचा वापर बघा, दुपारचा नको.

पोह्यावर_शेव
बॅकअपची तपासणी दुपारी ४ ला चालते आमची, आज रात्रीपासून २ ला लावतो. सरांना ८३ चं उद्या सांगेन, आज फक्त १२ डॉलरवाला ग्राफ.