स्वाइन फ्लूची लस : घेणाऱ्यांचे आणि देणाऱ्यांचे अनुभव

स्वाइन फ्लूच्या साथीतले, ऑगस्ट २००९ मधले पुणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना नायडू रुग्णालयाबाहेरची तपासणीची रांग आणि रुमालात बांधलेली कापूर-वेलचीची पुरचुंडी वेगळी सांगावी लागणार नाही. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहून झाले, लशीबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. ज्यांनी ती घेतली, दिली किंवा टाळली, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची नाकावाटे घ्यायची लस जुलै २०१० मध्ये आली. वर्षभर लशीची वाट पाहणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या चोवीस घरांपैकी पाचच घरे प्रत्यक्षात तयार झाली, कारण एव्हाना भीती ओसरली होती. डॉक्टरांनी सुई नसलेल्या सिरिंजने माझ्या प्रत्येक नाकपुडीत पाव मिलिलिटर औषध सोडले. गार ओल घशापर्यंत उतरली आणि दोन शिंका आल्या, एवढेच. आईला दमा असल्यामुळे, जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची ही लस तिला न देता त्यांनी निष्क्रिय विषाणूची, दंडात टोचायची लस दिली. ‘तुला नाकात आणि मला सुई, असे का?’ हे आई आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, आणि ते ऐकूनच शेजारचे तिघे चौकशीला गेले.

— कोथरूड, पुणे

मी तेव्हा महापालिकेच्या एका दवाखान्यात परिचारिका होते. आयात केलेली लस आधी आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच आली होती, तरी आमच्यातल्याच कितीतरी जणी मागे राहिल्या. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. नव्या लशीबद्दलच्या त्यांच्या शंका ऐकून घ्यायला कोणी दहा मिनिटे बसले नव्हते.

— पिंपरी

२०१५ साली राज्य सरकारने गरोदर स्त्रियांना ही लस मोफत देण्यास सुरुवात केली, तेव्हा मला पाचवा महिना होता. पहिल्या खेपेला साठा संपल्याचे सांगून दवाखान्यातून परत पाठवले. तापत्या उन्हात दोन बस बदलून गेलेल्या बाईला असे परत पाठवणे मला आजही अन्यायाचे वाटते. सासूबाईंचे म्हणणे, ‘पोटुशीला आणखी एक सुई कशाला?’ पुढच्या आठवड्यात सिस्टर स्वतः घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि त्यांनी सासूबाईंनाच विचारले, ‘धनुर्वाताचे इंजेक्शन चालते ना? मग हेही बाळासाठीच आहे. गरोदरपणात हा फ्लू छातीत उतरला, तर दोन जीवांना धोका.’ दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्याबरोबर आल्या. दंड दोन दिवस ठणकला. मुलगी आता शाळेत जाते.

— सातारा जिल्हा

मला मधुमेह आहे, त्यामुळे पावसाळ्याआधी दरवर्षी लस घेतो. २००९ च्या साथीचा विषाणू पुढे नेहमीच्या फ्लूच्या लशीतच समाविष्ट झाला, म्हणून वेगळी लस शोधावी लागत नाही. एका वर्षी लस घेऊनही मला फ्लू झाला, हे मी लपवणार नाही. ताप तीन दिवसांत उतरला. त्या वर्षीपासून पत्नीही घेते.

— नाशिक