मधुमेह आणि ताठरतेची अडचण: अश्वगंधा, शिलाजीत घ्यावे का?

प्रश्न:
माझे वय ४८ असून सहा वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षभरापासून लिंगाला ताठरता येते, पण टिकत नाही. डॉक्टरांपुढे विषय काढायला जीभ रेटत नाही, म्हणून अश्वगंधा किंवा शिलाजीत घेऊन पाहावे का?

उत्तर १:
कृपया संकोच सोडा. लिंगाच्या रोहिण्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, तर हृदयाच्या ३ ते ४. त्यामुळे साखर, रक्तदाब किंवा तंबाखूने रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडू लागले की त्याची चाहूल अनेकदा हृदयाआधी येथे लागते. तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. पहाटे ताठरता येते का, हेही सांगा. येत असल्यास कारण मानसिक असू शकते.

उत्तर २:
मला तंबाखू सोडल्याने आणि रोज ४० मिनिटे झपाझप चालल्याने सहा महिन्यांत फरक पडला.

उत्तर ३:
‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रामधले ताठरता आणणारे औषध) मिसळलेले आढळले आहे, आणि छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जीवघेणा उतरू शकतो. माझे थोरले बंधू अशी बिननावाची पुडी घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यातच कोसळले होते, सुदैवाने वाचले.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. उद्याच रक्त तपासायला देतो.