जॅन्युअरी आणि मे : चॉसर नेमका कोणाला हसतोय?

पारावरचा :
इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधली (चौदाव्या शतकाची अखेर; यात्रेकरू वाटेत एकेक गोष्ट सांगतात) व्यापाऱ्याची गोष्ट म्हणजे बायकांची बदनामी, असं सर्रास म्हटलं जातं. मला पटत नाही. टिंगल आहे ती घोडनवऱ्याची, आणि त्याहून जास्त दरबारी प्रेमाच्या, म्हणजे उमरावी काव्यातल्या ठरीव प्रणयाच्या, थाटाची.

गोष्ट अशी: पाव्हियाचा साठी उलटलेला सरदार जॅन्युअरी विशीच्या आतल्या मे नावाच्या मुलीशी लग्न करतो. त्याच्या पदरचा डेमियन तिच्यावर भाळून अंथरूण धरतो, गुपचूप चिठ्ठी देतो. झुरणारा प्रियकर, चोरटं पत्र, बंदिस्त बाग, सगळा ठरीव सरंजाम. फक्त मे ती चिठ्ठी वाचते कुठे? शौचकूपात! आणि तिथेच फाडून टाकते. पुढे म्हातारा आंधळा होतो. मे त्याच्याच पाठीवर पाय देऊन नासपतीच्या झाडावर चढते. वर डेमियन बसलेलाच.

गोदाकाठची :
थाटाची टिंगल मान्य. पण शेवट का गाळलात? पाताळाचा देव प्लूटो म्हाताऱ्याला दृष्टी परत देतो, तर त्याची राणी प्रॉसर्पिना मे हिला आणि तिच्यानंतरच्या यच्चयावत बायकांना ऐनवेळी सुचणारं उत्तर बहाल करते. मे म्हणते, तुमचे डोळे बरे व्हावेत म्हणूनच तर मी झाडावर पुरुषाशी झटापट केली! एकीचं पाप सगळ्या जातीच्या नावावर. यात नवऱ्याचं कसलं हसं? तो तर बिचारा ठरतो.

पारावरचा :
बिचारा? लग्नाच्या रात्री दाढीची कातडी मुशीमाशासारखी खरखरीत. पहाटे बिछान्यात बसून गातो तेव्हा मानेची लोळी थरथरतेय. मेच्या मनात काय आलं ते देवालाच ठाऊक, असं निवेदक म्हणतो. आणि बायकांच्या कपटावर प्रवचन कोण झोडतंय, तर स्वतःची बायको पळवून आणलेला प्लूटो! तो बायबलमधल्या शहाण्या राजा सॉलोमनचा दाखला देतो, तर प्रॉसर्पिना सॉलोमनलाच लंपट ठरवून मोकळी होते.

टवाळ_आजोबा :
अहो, सांगणारा व्यापारी दोनच महिन्यांपूर्वी बोहल्यावर चढलाय आणि आताच पोळलाय. त्याचं तोंड कडू, म्हणून गोष्ट कडू. चॉसरच्या माथी कशाला?

बाकी एक गंमत. थोर मनाला लवकर पाझर फुटतो, ही ओळ आधी याच पुस्तकातल्या 'सरदाराची गोष्ट' या दुसऱ्या गोष्टीत अथेन्सचा अधिपती थीसियस कैद्यांना माफ करतो तेव्हा येते. इथे तीच ओळ मे डेमियनला होकार द्यायचं ठरवते तेव्हा!

गोदाकाठची :
ओळ भारी पकडलीत, आजोबा. पण व्यापाऱ्याच्या आड चॉसरला किती वेळ लपवणार? गोष्ट संपल्यावर यात्रेकरूंसोबत निघालेला सराईवाला बायकांच्या कपटावरच घसरतो, जॅन्युअरीबद्दल चकार शब्द नाही. ऐकणाऱ्यांपर्यंत पोचलं ते हेच.

पारावरचा :
सराईवाला त्याच दमात स्वतःच्या कजाग बायकोचं रडगाणं गातो. साक्षीदार बरा शोधलात!