उष्णता खरंच अनंत वेगाने पोचते का?

मृगजळ२२
एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन दिवस एकाच गोष्टीवर अडकलेय. हीट इक्वेशन (उष्णता कशी पसरते ते सांगणारं समीकरण) सोडवलं की उत्तरात गाउसचा घंटेसारखा वक्र येतो आणि तो कुठेच पूर्ण शून्य होत नाही, म्हणजे सळईच्या एका टोकाला आत्ता चटका दिला तर पुढच्याच क्षणी, कितीही छोटा क्षण घ्या, दुसऱ्या टोकाचं तापमान वाढलेलं असतं, मग ती सळई पुण्यापासून नागपूरपर्यंत का असेना. मग प्रकाशाच्या वेगाची मर्यादा कुठे गेली? वर्गात विचारलं तर "आकडा फार छोटा असतो, सोडून दे" एवढंच उत्तर मिळालं. छोटा आहे हे कळतंय, पण शून्य नाहीये ना! समीकरण चूक आहे की माझं काही चुकतंय?

गावठी_गणिती
प्रश्न एकदम बरोबर आहे, सोडून देऊ नका. आधी आकडा बघू म्हणजे अंदाज येईल. तांब्याचा डी, म्हणजे त्यात उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा, साधारण ०.०००११ चौरस मीटर प्रति सेकंद. अंतर १० सेंमी घ्या आणि वेळ एका नॅनोसेकंदाचा दहावा भाग, तेवढ्यात प्रकाशसुद्धा ३ सेंमीच जातो. अंतर एक्स आणि वेळ टी धरून वक्राच्या सूत्रातलं एक्स वर्ग भागिले चार डी टी काढलं तर सुमारे २३ हजार कोटी येतं, आणि ई चा उणे तेवढा घात म्हणजे दशांश चिन्हानंतर जवळजवळ १० हजार कोटी शून्यं. अख्ख्या सळईत अणूच १०चा २५ वा घात वगैरे असतात, त्यामुळे ह्या आकड्याला मोजण्यासारखा काही अर्थच उरत नाही.

पण खरं कारण वेगळं आहे. नाणं शंभर वेळा उडवा, छापा आला की एक पाऊल उजवीकडे, काटा आला की डावीकडे. शंभर पावलांच्या पलीकडे तुम्ही जाऊच शकत नाही, तिथली शक्यता सपशेल शून्य. गाउसचा वक्र मात्र तिथेही काहीतरी दाखवतो, कारण तो मधल्या भागासाठी केलेला अंदाज आहे, शेपटीसाठी नाही. तांब्यात उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन नेतात, ते धडकत धडकत जातात आणि फूरियेचा नियम, ज्यावरून हीट इक्वेशन येतं, अशा असंख्य धडका होऊन गेल्यावरच लागू पडतो. समीकरण चूक नाही, तुम्ही त्याला त्याच्या हद्दीबाहेरचं विचारताय.

सोलापूरचा_उन्हाळा
वरचं पटलंच, त्यात भर घालतो. १९४८ साली कात्तानेओ नावाच्या इटालियन गणितज्ञाने नियमच थोडा बदलला. फूरिये म्हणतो तापमानात उतार दिसला की उष्णता लगेच वाहायला लागते, कात्तानेओ म्हणतो लगेच नाही, टाउ एवढा वेळ जातो. तेवढ्या एका पदाने समीकरण लाटेसारखं होतं आणि वेग येतो 'डी भागिले टाउ' ह्या अख्ख्या भागाकाराचं वर्गमूळ, म्हणजे मर्यादित.

आणि उष्णतेची लाट ही नुसती कागदावरची गोष्ट नाही, ह्याचं मला खूप अप्रूप आहे! पेश्कोव्हने १९४४ मध्ये मॉस्कोत द्रवरूप हेलियममध्ये ती प्रत्यक्ष पकडली. साधा आवाज तिथे सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या वर जातो, ही लाट मात्र २० मीटरच्या आसपास. तिला 'सेकंड साउंड' म्हणतात. पुढे १९७० मध्ये सोडियम फ्लोराइडच्या स्फटिकात दिसली, आणि २०१९ मध्ये ग्राफाइटमध्ये, तीही १२० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे १५० अंश सेल्सिअस. घन पदार्थासाठी हे तापमान बरंच जास्त आहे, आधी अगदी थोड्या केल्विनपाशीच हे जमायचं.

धातुशास्त्री
एक सावधगिरी सांगतो. कात्तानेओ वापरला की सगळं बरोबर झालं असं समजू नका. १९९० च्या दशकात वाळू आणि मांसात टाउ दहा-वीस सेकंदांचा आहे असे दावे छापून आले होते, नंतर इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले तेव्हा साधा फूरियेच पुरला. धातूत टाउ पिकोसेकंदांच्या (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) घरातला असतो. घरच्या गोष्टींना तर काहीच लागत नाही. स्टेनलेस स्टीलचा डी तांब्यापेक्षा पंचवीसेकपट कमी, म्हणून १५ सेंमीच्या उलथण्याच्या मुठीपर्यंत उष्णता पोचायला अंदाजे दीड तास निघतो, तांब्याचं असतं तर तीन-चार मिनिटांत चटका बसला असता, आणि हे नुसतं लांबीचा वर्ग भागिले डी करून कळतं.

मृगजळ२२
नाण्याच्या उदाहरणाने डोक्यातली गाठ सुटली, खूप खूप आभार! पण मग फूरियेचा नियम न्यूटनच्या नियमांवरून काढता येतो का? न्यूटन काळात मागे-पुढे दोन्हीकडे सारखाच चालतो, उष्णता मात्र एकाच दिशेने.

गावठी_गणिती
आता तुम्ही ह्या विषयाच्या गाभ्याला हात घातलात. फूरियेचं पुस्तक १८२२ चं, आणि स्प्रिंगने जोडलेल्या अणूंच्या साध्या मॉडेलपासून त्याचा नियम पूर्णपणे सिद्ध करणं अजून कुणाला जमलेलं नाही. स्प्रिंग अगदी आदर्श असतील तर मधल्या भागात तापमानाला उतारच येत नाही, हे रीडर, लेबोविट्झ आणि लीब यांनी १९६७ मध्ये दाखवलं. एकाच रेषेतल्या साखळीत, स्प्रिंग आदर्श नसल्या तरी, बऱ्याचदा वाहकता लांबीबरोबर वाढतच जाते, म्हणजे फूरियेचा नियम तिथेही बसत नाही. बंगळुरूच्या आयसीटीएस ह्या सैद्धांतिक विज्ञानाच्या संशोधन संस्थेत अभिषेक धर ह्यावर बरीच वर्षं काम करतात, त्यांचा २००८ चा मोठा रिव्ह्यू लेख आहे, तो वाचा, एमएस्सीच्या पातळीवर पहिला अर्धा भाग नक्की झेपेल. अडलं तर इथेच विचारा.