प्रतिसाद: 'हरलँड'मध्ये काही घडत नाही?

शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या 'हरलँड' या कादंबरीत काहीच घडत नाही, असं वर एकाने म्हटलंय. मला नाही पटत. जे घडतं ते हरलँड या देशात जाऊन पोचलेल्या तीन पुरुषांच्या डोक्यात. दोन हजार वर्षं फक्त बायकांचाच असलेला देश, तरी इतके चांगले रस्ते दिसताच, ते पुरुषांशिवाय कोण बांधणार म्हणून, त्यांच्यातला टेरी पुरुष शोधायला लागतो! दुसरा, व्हॅन, मात्र हळूहळू बदलतो. आम्ही गायीचं दूध पितो असं या पुरुषांनी म्हटल्यावर तिथल्या बायका कळवळून विचारतात, मग वासराचं काय? तो प्रसंग मी कितीदा तरी वाचलाय. खटकतं ते एकच, आणि फार खटकतं: दुर्गुणी वाटणाऱ्या मुलींना आई होण्यावर पाणी सोडायला सांगणं. गिलमनबाईंना तेही आदर्शच वाटत होतं. १९१५ साली त्यांच्याच मासिकात क्रमशः आलेली ही कादंबरी पुस्तकरूपात यायला मात्र १९७९ उजाडलं.