शब्दचर्चा: जनमत कौल, सार्वमत, जनमत चाचणी

म्हापसेकर: १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात झालेल्या मतदानाला कुणी ‘सार्वमत’ लिहितं, कुणी ‘जनमत कौल’. परवा एका मजकुरात चक्क ‘जनमत चाचणी’ वाचलं. तिन्ही चालतात का?

फोंडेकर: चाचणी मुळीच नको. चाचणी नमुन्यावरून होते: हजारभर लोकांना विचारायचं आणि अंदाज बांधायचा. इथे मतदारयादीतल्या प्रत्येकाला मतपत्रिका मिळणार होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहणं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. घोळ होतो तो इंग्रजीमुळे. तिथे दोन्हींना ‘ओपिनियन पोल’च म्हणतात आणि भाषांतर करणारा शब्दकोशातला पहिला अर्थ उचलतो.

‘सार्वमत’बद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. आपल्या घटनेत सार्वमताची तरतूदच नाही. नवं राज्य करणं, दोन प्रदेश जोडणं, सीमा बदलणं हे अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेचं काम, आणि तेही साध्या बहुमताचं. विधेयकाची झळ एखाद्या राज्याला पोचत असेल तर राष्ट्रपती ते त्या विधानसभेकडे मत मागायला पाठवतात, पण ते मत संसदेला बांधत नाही. १९६६ च्या अठराव्या घटनादुरुस्तीने तर स्पष्टच केलं, की मत मागण्याची ही अट केंद्रशासित प्रदेशांना लागू नाही. म्हणजे गोव्याच्या विधानसभेला विचारणंसुद्धा सक्तीचं नव्हतं. लोकांना विचारायचं ठरलं तेव्हा संसदेला त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला, आणि त्याच्या नावात ‘रेफरेंडम’ (म्हणजे सार्वमत) नाही, ‘ओपिनियन पोल’ आहे. म्हणून ‘जनमत कौल’.

डिचोलीकर: बंधनकारक नाही म्हणून सार्वमत नाही, हा निकष मात्र टिकत नाही. युरोपीय संघात राहायचं की नाही यावरचं ब्रिटनचं २०१६ चं मतदान कायद्याने सल्ल्यापुरतंच होतं, तरी जग त्याला रेफरेंडमच म्हणतं. उलट स्वित्झर्लंडमध्ये मतदारांचं आणि कँटनांचं, म्हणजे तिथल्या घटकराज्यांचं, बहुमत मिळाल्याशिवाय घटनादुरुस्ती होतच नाही. सार्वमतात दोन्ही जाती आल्या.

फोंडेकर: बरोबर, राज्यशास्त्राच्या वर्गीकरणात हे मतदान सल्लागारी सार्वमतातच बसेल. तसं विशेषण लावून लिहिलंत तर हरकत नाही. नुसतं ‘सार्वमत’ लिहिलं, की निकाल लागताच कायदा झाला असा वाचकाचा समज होतो. माझं मत विचाराल तर विशेषनाम म्हणून ‘जनमत कौल’, आणि प्रकार समजावताना सल्लागारी सार्वमत.

काणकोणकर: ‘कौल’ इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. देवळात मूर्तीला पाकळ्या लावतात, प्रश्न मांडतात आणि उजवीकडची पडली की डावीकडची, ते बघतात. विचारणारा कौल लावतो किंवा मागतो, देव कौल देतो. तेच क्रियापद इथे चालवा: सरकारने कौल घेतला, मतदारांनी कौल दिला. आणि लिंग सांभाळा. तो कौल आणि ते कौल निराळे. ‘जनमताची कौलं’ लिहिलंत तर ती घरावर चढतील!

म्हापसेकर: ‘गोव्याने स्वतंत्र राज्याच्या बाजूने कौल दिला’ हे वाक्य चालेल ना?

डिचोलीकर: नाही. राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. घटकराज्य झालं ३० मे १९८७ ला, संसदेच्या वेगळ्या कायद्याने. ‘संघप्रदेश राहण्याच्या बाजूने’ असं लिहा. वर्तमानपत्री मराठीत ‘केंद्रशासित प्रदेश’ आणि घटनेच्या अधिकृत मराठी पाठात ‘संघ राज्यक्षेत्र’. अर्थ एकच, पण एका लेखात तिन्ही वापरू नका.