काठमांडूत 'स्थानिक शासन आणि लघुउद्योग' प्रकल्पावर नोकरी : सोलापूर सोडून जावं का?

होटगीरोडकर :
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू करून काही वर्षं सोलापुरातच काम करतोय. निम्मा वेळ मोहोळ-मंगळवेढ्याकडे ग्रामसभेच्या प्रशिक्षणांत जातो, निम्मा शहरात गणवेश शिवणाऱ्या छोट्या कारखानदारांच्या मागे : उद्यम नोंदणी, बँकेच्या फायली, जीएसटीचं रडगाणं. आता एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं काठमांडूला प्रोग्रॅम ऑफिसर म्हणून बोलावलंय. पत्रात काम असं लिहिलंय : पालिकांचा कारभार लोकाभिमुख करणं आणि छोट्या उद्योजकांच्या संघटनांना धोरण ठरवताना स्थान मिळवून देणं. दोन वर्षांचा करार, पैसा तिसऱ्याच एका देशाच्या सरकारचा.

प्रत्यक्षात दिवसभर करायचं काय असतं? हा दुसऱ्या देशाच्या राजकारणात नाक खुपसण्याचा प्रकार तर नाही ना? आणि अमेरिकेनं मदत बंद केल्यावर या क्षेत्रात आता शिरणं शहाणपणाचं आहे का? मामा म्हणतात, "तिथं जाऊन लोकशाही शिकवणार व्हय? आधी आपल्या नळाला पाणी कवा येतंय ते इचार."

अशोकचौक_ताई :
मामांना नमस्कार सांग. पाण्याचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मी पूर्व भागातलीच. वडिलांचे माग होते. नेपाळमध्ये आणि नंतर केनियात अशाच प्रकल्पांवर काम केलं, म्हणून लिहिते.

दिवसभर काय करशील? एक्सेल. खरंच. देणगीदाराला तिमाही अहवाल, लॉगफ्रेम (कामं, उद्दिष्टं आणि ती मोजायची कशी याचा तक्ता), खर्चाचा ताळा, प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर सह्या आहेत की नाहीत, प्रवासभत्त्याच्या यादीत एकाच माणसाचं नाव दोनदा तर आलं नाही. हे ज्याला कमीपणाचं वाटतं त्यानं जाऊ नये. त्याखाली खरं काम दडलेलं असतं, आणि ते बरंचसं तारखांचं असतं.

नेपाळात २०१५च्या घटनेनंतर ७५३ स्थानिक पालिका झाल्या, २०१७ला निवडणुका झाल्या. प्रत्येक पालिकेनं असार १०पर्यंत, म्हणजे साधारण २४ जूनपर्यंत, पुढच्या वर्षाचं बजेट मांडायचं असतं, कारण त्यांचं आर्थिक वर्ष साउन १ला, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं. अमेरिकेचं सुरू होतं १ ऑक्टोबरला. आता बघ : देणगीदाराला पैसे सप्टेंबरअखेर संपवायचे असतात, म्हणून सगळी संस्था ऑगस्टमध्ये कार्यशाळांचा धडाका लावते. तोवर पालिकेचं बजेट मंजूर होऊन महिना उलटलेला! चहा-बिस्किटं होतात, फोटो होतात, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. चांगला मॅनेजर हे वर्षाच्या सुरुवातीलाच ओळखतो आणि देणगीदाराशी भांडून पैसे चैत-वैशाखात खर्चायला लावतो, वॉर्डातल्या बैठका चालू असतात तेव्हा.

एक उदाहरण सांगते, तुझ्या धंद्यातलंच आहे. तराईतल्या, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातल्या, एका पालिकेनं व्यवसाय कराच्या अनुसूचीत 'सिलाई' असा एकच रकाना ठेवला होता. मेन रोडवर दहा मशिनांचं दुकान आणि घरच्या ओसरीवर एक मशीन ठेवून ब्लाउज शिवणारी बाई, दोघांना कर सारखा. व्यापारी संघाच्या पदाधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, कसलीच अडचण नाही. त्यांना नव्हतीच. ओसरीवरच्या बाया संघाच्या सभासदच नव्हत्या. वर्गणी परवडायची नाही. मग आमच्या तिथल्या सहकारी मुलीनं त्या बायांकडून तीन महिन्यांचा हिशेब मांडून घेतला. कसला हिशेब, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव, ब्लाउज की कुर्ता, मिळाले किती, उधार किती. त्या वह्या घेऊन बाया वॉर्डाच्या बैठकीत गेल्या. पालिकेच्या उपप्रमुख बाई होत्या, त्यांनी स्वतः वह्या चाळल्या. नंतर पालिकेच्या आर्थिक ऐनमध्ये (कर ठरवणाऱ्या वार्षिक कायद्यात) त्या रकान्याचे दोन झाले. संघानंही कमी वर्गणीचं सभासदत्व काढलं, कुरकुरत का होईना.

आमच्या अहवालात याला एक ओळ मिळाली. 'प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्ती' याला अर्धं पान.

लोकशाही आणि धंदा एकाच प्रकल्पात का, असं तुझ्याही मनात आलं असेल. १९८३ साली अमेरिकेत नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी ही परदेशांतल्या लोकशाहीच्या कामाला पैसा देणारी संस्था निघाली, तिच्या चार मुख्य संस्थांपैकी एक, सेंटर फॉर इंटरनॅशनल प्रायव्हेट एंटरप्राइज, धंदा आणि लोकशाही यांची सांगड घालण्यासाठीच होती. या सेंटरनं सुरुवातीच्या काळात पेरूतल्या ज्या संस्थेला पाठबळ दिलं तिचा प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतो : लिमाच्या कडेला शिलाईचा एक छोटा कारखाना कायदेशीर मार्गानं नोंदवून बघितला, २८९ दिवस लागले. अशा ठिकाणी माणूस नोंदणीच्या भानगडीत पडत नाही. आणि नोंदच नाही म्हटल्यावर नियम बनवताना त्याला विचारतंय कोण?

साखरपेठी :
ताई, लिहिलंय झकास. पण मूळ मुद्दा राहतोच की. सोलापूरनं १९३०ला मार्शल लॉ सोसला, १९३१च्या जानेवारीत चौघं फासावर गेले. कुठला प्रोग्रॅम ऑफिसर आला होता? लोकांना कळतं आपलं भलं. बाहेरचा पैसा आला की बाहेरचा अजेंडा येणारच, बे.

अशोकचौक_ताई :
येतो. नाही म्हणणारा खोटं बोलतो. नेपाळातच अमेरिकेच्या एमसीसी या सरकारी मदत संस्थेच्या ५० कोटी डॉलरच्या करारावर २०१७ला सही झाली आणि संसदेची मंजुरी मिळायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. रस्त्यावर अश्रुधूर, पाण्याचे फवारे, सगळं झालं. आणि करार कशाचा, तर विजेच्या लाइनी आणि रस्ते. तो तुम्ही म्हणता तसा लोकशाहीचा प्रकल्प नव्हता, तरी एवढं.

म्हणूनच मॅनेजरनं काही गोष्टी मोडायच्या नसतात. प्रशिक्षणाला बोलवायचं तर सगळ्या पक्षांच्या लोकांना, नाहीतर कुणालाच नाही. निवडणूक जाहीर झाली की संस्थेची गाडी फाटकाच्या आत. त्या गाडीत उमेदवाराचा भाचा जरी बसला तरी दुसऱ्या दिवशी फेसबुकवर फोटो येतो. आणि पालिकेसमोर मागणी मांडायची ती तिथल्याच माणसानं. आपण मागच्या खुर्चीवर बसायचं, जमलं तर तेही नाही. सप्टेंबर २०२५मध्ये काठमांडूत सरकार कोसळलं, सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय जळलं, तेव्हाही 'बाहेरच्यांचा हात' ही चर्चा लगेच सुरू झाली. अशा दिवसांत अगोदर पाळलेलं पथ्यच कामी येतं.

१९३०चं म्हणाल तर मान्य, साखरपेठीदादा. पण त्या लोकांना व्यवसाय कराची अनुसूची वाचायची नव्हती. ती कंटाळवाणी गोष्ट आहे, तिच्यासाठी कुणी हुतात्मा होत नाही, आणि रोजच्या पोटावर पाय तीच देते.

नवीपेठ_हिशेबनीस :
मी संस्थांची ऑडिटं करतो, राजकारणावर बोलत नाही. होटगीरोडकर, पैशाचं बघ.

अमेरिकेनं २० जानेवारी २०२५ला परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएड या त्यांच्या परदेशी मदत संस्थेचं काम परराष्ट्र खात्यात गेलं. ब्रिटनही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७पर्यंत ०.३वर आणतंय. म्हणजे दोन वर्षांचा करार हा कागदावरच दोन वर्षांचा. 'निधी उपलब्ध असेपर्यंत' अशी ओळ त्यात असणारच. तिच्या पुढची ओळ वाच : नोटीस किती दिवसांची, परतीचा खर्च कुणाचा.

पगार नेपाळी रुपयात आहे की भारतीय? १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, दर बांधलेला आहे. आकडा मोठा दिसतो, घरी पेढे वाटण्याआधी १.६नं भाग.

आणि तिथून सोलापूरच्या तुझ्या जुन्या संस्थेला थोडं काम देऊ असं मनात असेल तर आताच काढून टाक, निदान त्या संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठीच्या कायद्याखालची) नोंदणी असल्याशिवाय. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला पूर्ण मनाई. 'आपलीच माणसं आहेत' हे कारण तिथं चालत नाही.

होटगीरोडकर :
सगळ्यांचे आभार. करार पुन्हा वाचला, नोटीस ३० दिवसांची आहे. परतीच्या खर्चाबद्दल अवाक्षर नाही. देणगीदार युरोपातला आहे. ताई, मुलाखतीत त्यांनी विचारायचं ते विचारलं, आता मी त्यांना काय विचारू?

अशोकचौक_ताई :
आधी हिशेबनीस म्हणतात ते परतीचं लेखी घे. ते मागितल्यानं कुणी नोकरी काढून घेत नाही.

मग मागचे दोन तिमाही अहवाल माग. गोपनीय म्हणाले तर निदान निर्देशकांची यादी माग. त्यात नुसत्या 'प्रशिक्षित व्यक्ती' आणि 'झालेल्या बैठका' असतील तर समज, तू हजेरीपत्रकं गोळा करायला चाललायस. एखादा नियम बदलला, शुल्क कमी झालं, सुनावणी झाली असं काही मोजत असतील तर जा. परदेशी संस्थांच्या प्रकल्पांना परवानगी देणाऱ्या नेपाळच्या समाज कल्याण परिषदेची मंजुरी कधीपर्यंत आहे तेही विचार, ती संपत आली असेल तर तुझे पहिले सहा महिने तिच्या नूतनीकरणातच जातील. आणि मोहोळच्या ग्रामसभांचं तुझं काम सीव्हीत तळाला टाकलं असशील तर वर घे. गावात सरपंच, ग्रामसेवक आणि चिडलेली माणसं एकाच खोलीत तासभर बसवणं इंग्रजी अहवाल लिहिणाऱ्या फार थोड्यांना जमतं.

रुजू व्हायची तारीख दसऱ्याच्या आसपासची देत असतील तर पुढे ढकल. दशैंपासून (त्यांचा दसरा) तिहारपर्यंत (त्यांची दिवाळी) ऑफिसात कुणी भेटत नाही आणि घरमालकही गावाला गेलेले असतात.